पाठीवरचं नाव

त्या हिवाळ्यात आर्नोसाच्या किनाऱ्यावर सगळ्या बायका सारख्याच दिसत. डोक्यापासून टाचेपर्यंत पांढरा कागदी झगा, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. आई लेकीला ओळखेना, तिथे हजेरी घेणाऱ्या सरकारी कारकुनाने कुणाला ओळखायचं? म्हणून वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या बायकांच्या संस्थेची अध्यक्ष ओतिलिया हिने एक जाड काळा पेन आणला आणि रोज सकाळी एकेकीला वळवून तिच्या पाठीवर नाव लिहायला सुरुवात केली. कारकून मागून चालत जायचा, पाठी वाचायचा आणि हजेरी लावायचा.

दोसिंदा लावांदेइराच्या पाठीवर नाव होतं एरुंदिना.

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्या गावात तिसऱ्यांचा परवाना घराचा धरतात, माणसाचा नाही. दोसिंदाची आई वारली तेव्हा दोसिंदा स्वित्झर्लंडात एका हॉटेलच्या मोरीत लोकांची ताटं विसळत होती. साहजिकच परवाना थोरल्या बहिणीच्या, एरुंदिनाच्या नावावर गेला. पुढे एरुंदिनाने विगोच्या एका बस ड्रायव्हरशी लग्न केलं आणि ती शहरात गेली. दोसिंदा परत आली आणि आईच्या जागी वाळूत वाकली ती वाकलीच. नाव बदलायचं म्हटलं तर जुना परवाना रद्द, नवा अर्ज, आणि मग रांगेत उभं राहून म्हातारपण. कोण पडतंय त्या भानगडीत! एरुंदिना कागदावर होती, दोसिंदा वाळूत होती, दोघींचं बरं चाललं होतं. विम्याचे हप्तेसुद्धा दोसिंदा बहिणीच्याच नावाने भरत आली. म्हणजे उद्या पेन्शन मिळणार तीही एरुंदिनालाच. "मग काय झालं?" दोसिंदा म्हणायची. "ती काय परकी आहे? म्हातारपणी मला चार घास घालणार नाही होय?" नाताळात ती बहिणीला तिसऱ्यांची पेटी पाठवायची, बहीण तिला स्वेटर पाठवायची. एवढ्यावर दोघी खूश होत्या.

आणि गंमत अशी की वाळूची राखण करण्यात या बाईचा हात धरणारी दुसरी नव्हती. ओहोटीला वाळू उघडी पडली की बिनपरवान्याचे लोक बादल्या घेऊन येतात. त्यांना हाकलायला बायका पाळीपाळीने गळ्यात शिट्टी अडकवून फिरतात. इतरजणी पाळी चुकवायला बघत, दोसिंदा दुसऱ्यांची पाळी मागून घेई. एकदा तिने कासिल्दाला पकडलं. कासिल्दाचा नवरा दर्यात बुडून गेलेला, नावावर परवाना नाही, घर दोसिंदाच्याच गल्लीत. अर्धी बादली भरली होती.

"दोसिंदा, एवढं तिकडे बघ ना गं," कासिल्दा म्हणाली होती. "दीपगृहाकडे बघ. तेवढ्यात मी जाते."

दोसिंदाने दीपगृहाकडे बघितलं नाही. तिने शिट्टी फुंकली, कासिल्दाच्या हातातून बादली ओढून घेऊन पाण्यात पालथी केली, आणि शिट्टी ऐकून आलेल्या सरकारी पहारेकऱ्यांनी कासिल्दाच्या नावाने दंडाची पावती फाडली. स्वतःच्या नावाचा परवाना नसलेल्या बाईने दुसऱ्या बिनपरवान्याच्या बाईला चोर ठरवलं आणि सगळा गाव बघत उभा राहिला. आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. दोसिंदाच्या तर नाहीच नाही.

मग नोव्हेंबरात ते तेलाचं जहाज फुटलं.

त्याबद्दल जास्त काय सांगायचं? पहिल्यांदा वास आला. सकाळी खिडकी उघडली की पेट्रोल पंपावर राहायला आल्यासारखं वाटे. मग लाटांचा आवाज बंद झाला. काकवीसारखं काळं, जाड पाणी यायचं आणि वाळूवर आडवं पडायचं, परत जायचंच नाही. बायकांनी पहिले काही दिवस नुसत्या हातांनी आणि स्वयंपाकघरातल्या उलथन्यांनी डांबर खरवडलं. दोसिंदाने आईच्या वेळचं फावडं नेलं, ते संध्याकाळी उचलवेना, इतकं डांबर त्याला चिकटलं होतं. तिने ते तिथेच टाकलं आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

हे सगळं निस्तरायचे पैसे कुणी द्यायचे, यावर खानावळीत रोज रणधुमाळी चाले. जहाजाचा मालक एका देशातला, झेंडा दुसऱ्याचा, तेल तिसऱ्याचं, कप्तान चौथ्याचा, विमा पाचव्याकडे. "एवढे बाप असलेलं पोर मी पहिल्यांदाच बघते," ओतिलिया म्हणाली. "आणि दवाखान्याचं बिल आलं तर एकही घरात नाही." विम्याची रक्कम बघता बघता संपली. मग कळलं की असल्या अपघातांसाठी बऱ्याच देशांनी मिळून ठेवलेला एक निधी आहे, पण त्यालाही तळ आहे, आणि दावे इतके आलेत की शंभर मागणाऱ्याच्या हातात पंधरा पडतील. बाकीचे सरकार आगाऊ देणार आणि मग वर्षानुवर्षं कोर्टात भांडत बसणार.

निधीची माणसं येऊन किनारा बघून गेली. खर्च 'वाजवी' हवा, असं त्यांचं म्हणणं. मोठी वाळू धुणं वाजवी. कड्याखाली दोराने उतरून खडक ब्रशने घासणं वाजवी नाही, तिथलं समुद्र आपोआप धुऊन टाकेल.

"समुद्राला काय रोजंदारी देणार म्हणे?" कासिल्दाने विचारलं. तिला स्वतःला काहीच मिळत नव्हतं, परवानाच नव्हता. तरी ती रोज यायची आणि ओतिलियासमोर पाठ करून उभी राहायची. "लिही," म्हणायची. "कासिल्दा. नीट, मोठं लिही." कारकून तिची पाठ वाचून पुढे जायचा.

परवान्याच्या बायकांना सफाईचा रोज मिळे, शिवाय वाळू बंद म्हणून बुडालेल्या कमाईचे थोडेफार. एरुंदिनाच्या खात्यात पैसे पडत आणि ती दर महिन्याला न चुकता दोसिंदाला पाठवून देई. त्यात ती काही मारून ठेवत होती असं कुणी म्हटलं तर जीभ झडेल. दोसिंदा त्यावर जगत होती. डोकं मात्र ठणके, आणि अंथरुणाला पाठ टेकली की खोकल्याची उबळ येई. शेवटी ती गावच्या दवाखान्यात गेली.

"सफाईला जाता का?" नर्सने विचारलं. "जात असाल तर तशी नोंद करते. पुढे भरपाईला उपयोगी पडेल."

दोसिंदाला परवान्याचा कागद आठवला. सफाईला एरुंदिना जात होती. एरुंदिना विगोत ठणठणीत होती.

"नाही हो," ती म्हणाली. "घरीच असते मी. चुलीच्या धुराने होतं."

नर्सने खोकल्याचं औषध दिलं.

मार्च महिन्यात संस्थेच्या दारावर नोटीस लागली. वाळूखाली हातभर खोल काळा थर बसलाय, तो उपसून नवी वाळू टाकायची आणि तिसऱ्यांचं बी पेरायचं असं ठरलंय. पण तेवढ्या पिकावर एवढ्या बायका जगणार नाहीत. तेव्हा जी बाई परवाना कायमचा परत करेल तिला एकरकमी पैसे मिळतील. परत केलेला परवाना मेला, तो पुन्हा कुणालाही मिळणार नाही.

दोसिंदाने नोटीस वाचली आणि हसून घरी आली. आपण कशाला परत करतोय! तिने कोबीची पानं चिरली, बटाटे सोलले, रस्सा चुलीवर चढवला. ढवळता ढवळता तिचा हात थांबला. परत करायचा की नाही, हे तिला कुणी विचारणारच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सफाईला गेली नाही. पहिल्या बसने विगोला गेली.

एरुंदिना चौथ्या मजल्यावर राहायची. लिफ्ट नव्हती. तिचा नवरा अमान्सिओ, ज्याने उभी हयात अख्ख्या शहराला इकडून तिकडे पोचवलं, तो अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्या जिन्यांच्या वर अडकून पडला होता. दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसायचा आणि खालून जाणाऱ्या बसवर नजर ठेवायचा.

"उशिरा आली आज," दोसिंदाला बघून तो म्हणाला. त्याच्या तोंडातून शब्द लोळत लोळत बाहेर पडत. "नवा ड्रायव्हर दिसतोय. वळणावर ब्रेक मारतो मूर्ख."

"तुम्ही असताना असं नव्हतं," दोसिंदा म्हणाली आणि आत गेली.

स्वयंपाकघरात एरुंदिनाने कॉफी ओतली. दोघीही साखर ढवळत बसल्या.

"तुला पत्र आलं असेल," दोसिंदा म्हणाली.

"आलंय."

"मग?"

"याच गल्लीत तळमजल्यावर एक घर विकाऊ आहे," एरुंदिना म्हणाली. "दोनच खोल्या आहेत, पण दार सरळ रस्त्यावर उघडतं. आमची शिल्लक आणि हे पैसे मिळून जमतंय."

"एरुंदिना, ती वाळू माझी आहे."

"मी कुठे नाही म्हणते?"

"मग सही कशी करशील?"

"नाव माझं आहे म्हणून!" एरुंदिनाचा आवाज चढला आणि खिडकीकडे नजर जाताच उतरला. "अगं, मला काय हौस आलीय? दोन वर्षं झाली, हा माणूस स्वतःच्या पायाने रस्त्यावर उतरला नाही. न्हाव्याला वर बोलवावं लागतं. परवा इस्पितळात न्यायचा होता, तर दोन हमालांनी खुर्चीसकट उचलून नेला. सोफ्यासारखा. सगळा जिनाभर रडला तो, दोसिंदा. शेजारीपाजारी दार उघडून बघत होते आणि हा रडत होता."

दोसिंदाने कपावरची नजर काढली नाही. "मी निम्मे देईन तुला. वाळू उघडली की दर महिन्याला निम्मे तुझे."

"कसले निम्मे? मेलीय तुमची वाळू."

"पेरणार आहेत."

"पेरणार आहेत! कधी उगवणार, किती उगवणार? तोवर त्याने बस मोजत बसायचं का? त्यापेक्षा आलेल्या पैशातले मीच तुला थोडे—"

"मला पैसे नकोत!" दोसिंदाने कप बशीवर आदळला. "या वयात परत लोकांची ताटं विसळायला जाऊ का मी? अगं, वाळूत मी कुणीतरी आहे. खाली उतरले की बायका म्हणतात, दोसिंदाला विचारा. वर घरात मला कोण विचारतं? मांजर?"

एरुंदिना सांडलेली कॉफी पुसायला लागली. तेव्हा दोसिंदाने जे बोलायचं नाही असं बसमध्ये ठरवलं होतं ते बोलून टाकलं.

"मी परवान्याच्या साहेबाला सांगेन. आई गेल्यापासून ती जागा मी राबतेय म्हणून. सगळा गाव सांगेल."

"काय सांगेल?" एरुंदिनाने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, ती दमली होती. "इतकी वर्षं तू बिनपरवान्याची काढतेयस, हेच ना?"

दोसिंदाच्या तोंडचं पाणी पळालं. बिनपरवान्याची. हा शब्द तिने आजवर शिट्टी वाजवून दुसऱ्यांच्या अंगावर फेकला होता. कासिल्दाची पालथी बादली तिच्या डोळ्यांसमोर आली.

निघताना अमान्सिओने धडधाकट हाताने तिचं मनगट धरलं. भिंत पातळ होती, त्याने सगळं ऐकलं होतं.

"मला नको ते खालचं घर," तो म्हणाला. "खरंच. इथून बस छान दिसतात."

तो खोटं बोलत होता आणि दोसिंदाला ते कळत होतं. ती जिने उतरताना त्याच्यावर भयंकर चिडली. नुसता स्वार्थी असता तर किती बरं झालं असतं!

गावात परतल्यावर ती ओतिलियाकडे गेली, जागा मीच राबतेय असं संस्थेने लिहून द्यावं म्हणून. ओतिलियाने तिला आत घेतलं आणि दार लावलं.

"तू म्हणतेस तसं लिहून देते मी," ओतिलिया म्हणाली. "पण मग पुढचं ऐक. रेमेदिओस कुणाच्या नावावर काढते? मावशीच्या. मावशी आहे ब्वेनोस आयरेसला, तिला आता वाळू म्हणजे काय हेही आठवत नसेल. त्या दोघी जावा एका परवान्यावर आलटून पालटून येतात. अजून सांगू? निम्मं गाव सांगावं लागेल. तुझं प्रकरण वर गेलं की निधीचे लोक म्हणणार, सगळेच दावे तपासा. त्यांना तेच हवंय गं. शंभराचे पंधरा केले, आता पंधराचे शून्य करायला निमित्त शोधतायत."

"म्हणजे मी तोंड शिवून बसू?"

"मी तसं म्हणत नाही."

"मग काय म्हणतेस?"

ओतिलियाने डोळे पुसले. ती अशी पटकन रडणारी बाई नव्हती. "मला माहीत नाही, दोसिंदा. मला काही सुचत नाही. तूच काय ते बघ."

सगळेजण आपापल्या परीने खरंच बोलत होते, आणि त्या खऱ्यात दोसिंदाला उभं राहायला जागा उरली नव्हती. सफाई अजून चालू होती. ती रोज सकाळी जायची, पाठ करून उभी राहायची आणि थंड पेनाचं टोक झग्यावरून फिरताना दात आवळून घ्यायची.

मे महिन्यात साहेब आला. परवाना परत करणाऱ्या बायकांनी मासळीच्या लिलावाच्या हॉलमध्ये स्वतः येऊन सही करायची होती. नुसत्या कागदावरच्या बायका पैसे उचलतायत अशी कुजबुज वर पोचली होती. म्हणून साहेबाने टेबलावर किनाऱ्याचा नकाशा पसरला होता आणि तो एकेकीला विचारत होता, तुमची जागा दाखवा. गावातल्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. दोसिंदा सगळ्यांच्या मागे होती. तिने चर्चला जायचे बूट घातले होते. आपण बोलायचंच, असं ती घरातून ठरवून आली होती.

एरुंदिना शहरी कोट घालून टेबलापुढे उभी राहिली. साहेबाने तिच्या हातांकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"जागा?"

एरुंदिनाने नकाशाकडे बघितलं. नकाशात तिला काही ओळखू येईना. "पांढऱ्या ढिगाजवळ," ती म्हणाली. "शिंपल्यांच्या."

"कुठला ढीग?" साहेबाने चष्मा वर केला. "मी दोनदा हिंडलोय हा किनारा. तिथे कसलाही ढीग नाही, बाई."

बायका जमिनीकडे बघू लागल्या. ढीग होता, पण नवा धक्का बांधताना तो उचलून नेला त्याला जमाना झाला होता. रोज वाळूत उतरणाऱ्या बाईला हे माहीत असतं. एरुंदिनाला कुणी सांगितलंच नव्हतं, दोसिंदाच्याही कधी मनात आलं नव्हतं. साहेबाने पेनाचं टोपण लावलं.

आता दोसिंदाला बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प उभं राहिलं तरी पुरे होतं. सही होणार नाही, तळमजला नाही, परवाना गोत्यात, मग बाकीच्यांची चौकशी, ओतिलिया, रेमेदिओस, सगळ्यांची. बुडायचंच तर सगळे मिळून बुडू, असं तिच्या मनात आलं. खरंच आलं, आणि त्यात तिला क्षणभर गोडही वाटलं.

पण एरुंदिना वळून तिलाच शोधत होती, लहानपणी शोधायची तशी. त्या ढिगावर दोघी बहिणी फ्रॉक सावरून बसायच्या आणि आई वाळूतून कधी वर येते याची वाट बघायच्या. शिंपले पायांना टोचायचे. एरुंदिना धाकटीला मांडीवर घ्यायची म्हणजे तिला टोचू नयेत. ढीग नव्हता असं कुणी म्हणावं, हे दोसिंदाला सोसलं नाही.

"होता, साहेब," ती मागून म्हणाली. "धक्का बांधताना उचलला. जुन्या बायका अजून त्या जागेला ढीगच म्हणतात. हिची जागा तीच आहे. हद्दीच्या त्या दोन खुंट्यांच्या मधली, बोट ठेवा तिथे. हां, तीच."

साहेबाने बोट ठेवलं. "तुम्ही कोण?"

"हिची धाकटी बहीण."

"तुम्हीही वाळूत काम करता?"

एरुंदिनाने डोळे मिटून घेतले. भिंतीकडे कुणीतरी जोरात श्वास घेतला.

"नाही, साहेब," दोसिंदा म्हणाली. "मी कधीच वाळूत गेले नाही. मला दर्याची भीती वाटते."

साहेबाने तेही कागदाच्या कडेला टिपून घेतलं. एरुंदिनाने सही केली. बाहेर आल्यावर तिने बहिणीला मिठी मारायला हात पुढे केले, तर दोसिंदा म्हणाली, "तुझी बस चुकेल," आणि चालू लागली.

उन्हाळ्यात ट्रक भरभरून नवी वाळू आली. फिकट, परक्या रंगाची. सफाईच्या पैशातून वाळूला एक पगारी राखणदार ठेवायचं ठरलं, परवाना नसलेली पण वाळू माहीत असलेली बाई. ओतिलियाने धावत जाऊन दोसिंदाचं नाव दिलं. साहेबाने आपले कागद चाळले. "ही दर्याला भिणारी ना?" त्याने विचारलं. वाळूत वावर असल्याचा काहीतरी पुरावा हवा, असं तो म्हणाला. शेवटी पुरावा एकीकडेच निघाला. कासिल्दाकडे दंडाची पावती होती. कोणत्या दिवशी, कोणत्या खुंटीजवळ, कोणतं हत्यार घेऊन ती तिसऱ्या काढत होती, सगळं शिक्क्यासकट लिहिलेलं होतं, आणि नोकरी तिलाच मिळाली.

"बघ गं, भलं केलंस तू तिचं," ओतिलिया दोसिंदाला म्हणाली. हसायला गेली आणि तिला हुंदकाच आला. संस्थेची शिट्टी दोसिंदाच्या घरी खिळ्याला लटकत होती, ती ओतिलिया घेऊन गेली.

विगोहून एरुंदिनाने पैसे पाठवले, थोडे नाही, चांगले. सोबत फोटो पाठवला. अमान्सिओ फुटपाथवर खुर्ची टाकून बसला होता आणि बसच्या ड्रायव्हरला हात करत होता. दोसिंदाने फोटो भिंतीला लावला. पैसे तिने कपाटात ठेवले आणि त्यातला एक युरो तिला खर्चावासा वाटला नाही. खोकला गेला नव्हता.

ऑक्टोबरात वाळू उघडली. ओहोटीला बायका पिवळे रेनकोट घालून उतरल्या. हिवाळ्यातली सवय अंगात मुरली होती, नव्या रेनकोटांच्या पाठीवरही त्यांनी नावं घातली होती. आता कुणी हजेरी घेणार नव्हतं, तरी घातली होती.

दोसिंदा दारात उभी राहून बघत होती. मग ती आत गेली, बादली आणि दाताळं घेतलं आणि उतरली. आपण काय करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरात बसून तिचा जीव घुसमटत होता, बस, एवढंच. ती ढिगाच्या जागी गेली आणि वाकली. बोटांना नवी वाळू भरड लागली, पण खाली तिसऱ्या होत्या. लहान, पण होत्या. एकेक हाताला लागत गेली तसे तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता.

"दोसिंदा."

कासिल्दा समोर उभी होती. गळ्यात शिट्टी.

"किती झाल्या?" कासिल्दाने विचारलं.

"अर्धी बादली."

कासिल्दाने शिट्टी हातात धरली. तोंडाला लावली नाही. आजूबाजूच्या बायका वाकायच्या थांबल्या होत्या.

"वाजव ना," दोसिंदा म्हणाली. "कशाची वाट बघतेस? मी वाजवली होती."

"तू काय केलं होतंस ते मला सांगू नकोस. माझ्या लक्षात आहे."

"मग वाजव!"

"मी दीपगृहाकडे बघतेय," कासिल्दा म्हणाली. "तू आटप लवकर."

आणि तिने पाठ फिरवली. मग ओतिलियाने फिरवली. मग रेमेदिओसने, त्या दोघी जावांनी, मग पार पाण्यापर्यंत सगळ्याजणींनी. एकही अक्षर न बोलता सगळी वाळू दीपगृहाकडे तोंड करून उभी राहिली.

दोसिंदाच्या पुढे नुसत्या पाठी होत्या. तिने वाचायला सुरुवात केली. कासिल्दा. ओतिलिया. रेमेदिओस. पुढची, त्याच्या पुढची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिथे दोसिंदा कधीच नव्हती, आता एरुंदिनाही नव्हती.

तिने बादली पालथी केली. उघड्यावर पडल्या तर पाखरं टिपून नेतील म्हणून ती गुडघ्यांवर बसली आणि अंगठ्याने दाबून एकेक तिसरी परत वाळूत रोवली. मग दाताळं खांद्यावर टाकून ती वर चढली. ती घरात जाऊन दार लावेपर्यंत एकीनेही मागे वळून बघितलं नाही.